व्हॅल्यूचेंजलिसनर आणि एजॅक्स लिसनर: जिल्हा बदलल्यावर तालुक्यांची यादी

जेएसएफच्या (जावामध्ये वेब पाने बनवण्याच्या चौकटीच्या) फॉर्ममध्ये जिल्हा निवडताच तालुक्याच्या ड्रॉपडाऊनची यादी बदलायची असेल, तर व्हॅल्यूचेंजलिसनर वापरता येतो किंवा 2009 मध्ये जेएसएफ 2.0 बरोबर आलेल्या एफ-एजॅक्स टॅगचा लिसनर वापरता येतो. लिसनर म्हणजे बदल घडल्यावर चालणारा कोड. जिल्हा बदलला की दोन्हींत बीनमधली, म्हणजे फॉर्मची मूल्ये सर्व्हरवर धरून ठेवणाऱ्या जावा ऑब्जेक्टमधली मेथड चालते, त्यामुळे ती एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते. पण ती मेथड विनंतीच्या कोणत्या टप्प्यावर चालते, हे दोन्हींत वेगळे आहे.

व्हॅल्यूचेंजलिसनर व्हॅलिडेशनच्या टप्प्याअखेरीस चालतो आणि नवी मूल्ये बीनमध्ये त्यानंतर भरली जातात. त्यामुळे त्या मेथडमध्ये बीनमधला जिल्हा वाचला तर जुनाच मिळतो. नवा हवा असल्यास तो इव्हेंटच्या गेटन्यूव्हॅल्यूमधून घ्यावा लागतो. शिवाय हा लिसनर ब्राउझरमधून स्वतःहून काहीच पाठवत नाही. त्यासाठी ऑनचेंजवर सबमिट जोडावे लागते, मग अख्खा फॉर्म सर्व्हरकडे जातो आणि अजून न भरलेल्या अनिवार्य रकान्यांवर त्रुटी उमटतात.

यातली सर्वांत फसवी चूक सहज लक्षात येत नाही. खेड नावाचा तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही आहे. पुणे-खेड निवडलेले असताना जिल्हा रत्नागिरी केला आणि लिसनरमध्ये तालुका रिकामा केला, तरी लगेच पुढच्या टप्प्यात फॉर्मबरोबर आलेले जुने मूल्य बीनमध्ये पुन्हा भरले जाते. पर्यायाचे मूल्य म्हणून नुसते नाव ठेवले असेल, तर नव्या यादीत 'खेड' आपोआप निवडलेले दिसते आणि वापरणाऱ्याने न निवडलेला तालुका नोंदला जातो. म्हणून मूल्य म्हणून तालुक्याचा संकेतांक ठेवावा, नाव नव्हे.

एफ-एजॅक्सचा लिसनर मूल्ये बीनमध्ये भरून झाल्यावर चालतो, त्यामुळे नवा जिल्हा तिथे थेट वाचता येतो. वेगळे काही न सांगितल्यास एक्झिक्यूट (सर्व्हरवर कोणते घटक तपासून बीनमध्ये भरायचे ते) फक्त त्याच घटकापुरते असते. बाकीचे रकाने तपासले जात नाहीत आणि लिसनरमध्ये रिकामा केलेला तालुका जुन्या मूल्याने पुन्हा भरलाही जात नाही. रेंडरमध्ये (पानावरचे कोणते भाग नव्याने दाखवायचे त्यात) मात्र तालुक्याच्या ड्रॉपडाऊनचा आयडी द्यावाच लागतो, नाहीतर यादी सर्व्हरवर बदलते आणि पानावर जुनीच राहते. नवा फॉर्म लिहिताना मी निःशंकपणे हाच मार्ग सुचवीन.

बीनच्या आयुर्मानाची काळजी मात्र दोन्हींत घ्यावी लागते. अंतिम सबमिटच्या वेळी जेएसएफ आलेला तालुका त्या क्षणी उपलब्ध असलेल्या यादीशी ताडून पाहते. बीन रिक्वेस्टस्कोपमध्ये, म्हणजे एका विनंतीपुरतेच टिकणारे असेल तर जिल्हा तोवर भरलेला नसतो, यादी रिकामी मिळते आणि तालुका बरोबर निवडूनही मूल्य वैध नसल्याची त्रुटी येते. त्यामुळे अशा फॉर्मचे बीन व्ह्यूस्कोपमध्ये, म्हणजे तेच पान उघडे असेपर्यंत टिकेल असे ठेवावे.