चैत्रगौर आणि भाद्रपदातल्या गौरी: महिनाभराचं माहेरपण आणि तीन दिवसांचं

चैत्र लागला की नव्याने संसार मांडलेल्या घरांतून काही प्रश्न हमखास ऐकू येतात. चैत्रगौरीला मुखवटे आणायचे का? विसर्जनाचा मुहूर्त कधीचा? सोळा भाज्या कराव्या लागतात का? हे तिन्ही प्रश्न भाद्रपदातल्या गौरींचे आहेत. नाव एकच असल्यामुळे ते चैत्रात येऊन पडतात, आणि एवढा पसारा झेपणार नाही असं वाटून कित्येक घरांत चैत्रगौर बसवायचीच राहून जाते. वाईट याचंच वाटतं, कारण चैत्रगौरीइतकं सुटसुटीत आणि उन्हाळ्याला धरून असलेलं दुसरं हळदीकुंकू आपल्याकडे नाही.

कोण कधी येते

चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे गुढीपाडव्यानंतर दोन-तीन दिवसांत बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, अक्षय्य तृतीयेला उठते. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता, गौर ११ एप्रिलला बसली आणि १० मेला उठली. पूर्ण एक चांद्रमास. हिचा हिशेब सरळ तिथीचा आहे.

भाद्रपदातल्या गौरींचा हिशेब नक्षत्राचा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्येष्ठा नक्षत्रावर पुजतात म्हणून त्या ज्येष्ठागौरी. ज्येष्ठ महिन्याशी त्यांचा काही संबंध नाही. हे नाव ऐकून दरवर्षी कुणीतरी जूनमध्ये पंचांग उघडून बसतं, म्हणून एवढं स्पष्ट सांगितलं. नक्षत्रामुळेच गणपती बसल्यानंतर गौरी कितव्या दिवशी येणार हे ठरलेलं नसतं. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि गौरी चौथ्या दिवशी, १० तारखेला आल्या. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरी पाचव्या दिवशी, ३१ तारखेला. त्यामुळे गौरींबरोबर जाणारा गणपती एका वर्षी सहाव्या दिवशी हलला, तर दुसऱ्या वर्षी सातव्या.

चैत्रगौरीला ही धावपळ नाही. तिचं हळदीकुंकू महिन्याभरात कधीही करता येतं. मंगळवार-शुक्रवार पसंत करतात, पण नोकरीच्या घरांत रविवारी केलं तरी काही बिघडत नाही. तृतीयेला गावाला असाल तर परत आल्यावर बसवा. अक्षय्य तृतीयेपर्यंत ती बसलेली असावी, इतकंच.

मूर्ती कोणती

चैत्रगौर बाहेरून आणावी लागत नाही. ती देव्हाऱ्यातलीच असते. लग्नात गौरीहर पुजताना मुलीला जी अन्नपूर्णा मिळते, हातात पळी घेतलेली, पितळेची किंवा चांदीची, तीच गौर. तिला घासूनपुसून, नेहमीच्या जागेवरून उचलून छोट्या झोपाळ्यात किंवा पाळण्यात बसवतात. काही घरांत तिच्या जोडीला महादेवही असतो.

पितळेची मूर्ती चिंच आणि मीठ लावून घासा, लगेच धुवा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण टिपा. ओल राहिली तर दोन दिवसांत काळपट डाग उठतात. बाजारातल्या नव्या मूर्तींवर चमक टिकावी म्हणून लेप दिलेला असतो. त्यांना चिंच लावू नये, लेप तुकड्यातुकड्यांनी सुटतो आणि मूर्ती कायमची डागाळते. झोपाळा विकत घेताना त्याची बैठक मूर्तीपेक्षा जड आहे ना, हे पाहून घ्या. हलक्या झोपाळ्यात भरीव अन्नपूर्णा ठेवली की हळदीकुंकवाच्या दिवशी कुणीतरी कौतुकाने झोका देतं आणि सगळं पुढे कलंडतं. बैठकीच्या मागच्या बाजूला तांदळाची पुरचुंडी ठेवली तर तोल राहतो.

भाद्रपदात हेच चित्र घरागणिक बदलतं. कुठे पितळी किंवा शाडूचे मुखवटे, खाली धड म्हणून कोठ्या आणि नेसवलेल्या साड्या, ज्येष्ठा-कनिष्ठा अशी जोडी. विदर्भ-मराठवाड्यात त्यांनाच महालक्ष्म्या म्हणतात आणि पुढ्यात त्यांची पिलवंडं, म्हणजे मुलं, बसवतात. कोकणातल्या कित्येक घरांत पाणवठ्यावरून न बोलता आणलेले पाच किंवा सात खडे हीच गौर, तर कुठे तेरड्याची रोपं बांधून केलेली गौर. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तिला तंतोतंत लागू पडते. तेरडा फुलतो पावसाळ्यात, त्यामुळे चैत्रात ही गौर करणं शक्यच नाही.

विसर्जनाचा गोंधळ इथेच सुटतो. खडे आणि तेरडा पाण्यात सोडतात, मुखवट्यांवर अक्षता टाकून ते जागचे हलवतात आणि पेटीत ठेवतात. चैत्रगौर कुठेच जात नाही. अक्षय्य तृतीयेला तिची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि झोपाळ्यातून उचलून तिला पुन्हा देव्हाऱ्यात ठेवायचं. त्यासाठी मुहूर्त शोधण्याची गरज नाही.

ताटात काय

दोन सणांचा खरा फरक ताटात दिसतो. भाद्रपदात रानात आणि परसात हिरवा भाजीपाला उदंड असतो. म्हणून आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरी, पूजनाला पुरणपोळी, घावन-घाटलं, आंबील, सोळा भाज्या. काही समाजांत तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्यही असतो. सगळं शिजवलेलं, जडसं, पावसाळी हवेला मानवणारं.

चैत्रात भाजीपाला रोडावलेला असतो, पण रब्बीचा हरभरा नुकताच घरात आलेला असतो आणि झाडाला कैऱ्या लागलेल्या असतात. चैत्रगौरीचा सगळा थाट या दोन गोष्टींवर उभा आहे: भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आंब्याची डाळ, पन्हं. जोडीला कलिंगड आणि काकडी. तेव्हा पुरणपोळीचा घाट घालू नका. भर उन्हात चालत आलेल्या बाईला आधी थंडगार पन्हं हवं असतं.

हरभरे आदल्या रात्री भिजत घाला, दहा-बारा तास पुरतात. अर्धा किलो कोरडे हरभरे भिजून साधारण किलोभर होतात आणि मूठमूठ दिले तर पंचवीसेक बायकांना पुरतात. नेहमी चूक होते ती आदल्या दिवशी सकाळीच भिजत घालण्याची. एप्रिलच्या उष्म्याने पाणी फसफसतं आणि हरभऱ्यांना आंबूस वास येतो. सकाळी उपसून दोन पाण्यांनी धुवा, चाळणीत निथळा आणि ओलसर पंचावर पसरून ठेवा. डब्यात कोंबून झाकण लावलं तर ते चिकट होतात.

आंब्याच्या डाळीसाठी एक वाटी हरभरा डाळ चार ते पाच तास भिजवावी. मग ती चाळणीत किमान वीस मिनिटं निथळली पाहिजे. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि डाळीचा लगदा होतो. तीन-चार हिरव्या मिरच्या घालून, पाण्याचा थेंबही न घालता, मिक्सर थांबवत थांबवत भरड वाटा. दोन बोटांत चिमूट धरली तर रवाळ कण जाणवले पाहिजेत, आणि मध्ये एखादी अर्धी डाळ राहिली तर चांगलंच. त्यात अर्धी ते पाऊण वाटी किसलेली कैरी घाला. कैरीचा आंबटपणा झाडागणिक वेगळा, म्हणून आधी अर्धी वाटी घालून चव पाहा. चमचाभर साखर, दोन चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणीला तेल हात राखून घेऊ नका, तीन मोठे चमचे तरी हवं, नाहीतर डाळ घशात बसते. मोहरी, हळद आणि भरपूर हिंग घाला. डाळ कच्ची असल्यामुळे हिंगात काटकसर केली तर पोटाला जड जाते. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओता. गरम ओतली की कोथिंबीर काळवंडते आणि कच्च्या डाळीचा ताजेपणा जातो. मीठ अगदी वाढायच्या आधी घाला, कारण मिठाने कैरीला पाणी सुटतं. केलेली डाळ फ्रिजबाहेर दोन-तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पाहुण्या टप्प्याटप्प्याने येणार असतील तर वाटलेली डाळ फ्रिजमध्ये ठेवा आणि कैरी-मीठ थोड्या थोड्या भागात मिसळा.

पन्ह्यासाठी अर्धा किलो कैऱ्या सालीसकट वाफवा, कुकरला दोन शिट्ट्या पुरतात. गार झाल्यावर गर काढून चाळणीवर घासून घ्या, दोरे वर राहतात. गराच्या दीडपट ते दुप्पट किसलेला गूळ किंवा साखर, पाव चमचा मीठ, वेलची आणि असेल तर केशर. हा गर फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो. वाढताना एक भाग गराला तीन ते चार भाग थंड पाणी घाला. गर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवावा. गौरीपुढे शोभतं म्हणून पन्हं पितळी कळशीत किंवा तांब्याच्या घंगाळात ओतून ठेवण्याची हौस असते, पण कलई नसलेल्या पितळेला-तांब्याला कैरीचं आम्ल लागलं की पन्हं कळकतं आणि बाधू शकतं. कच्च्या कैरीचं पन्हंही करतात. त्याला वास सुंदर येतो, मात्र ते त्याच दिवशी संपवावं लागतं.

कलिंगडाची कमळं किंवा होड्या कोरायच्या असतील तर पाहुण्या येण्याआधी तासभरच कोरा. सकाळी कोरलेलं कलिंगड दुपारपर्यंत कडेने सुकतं आणि खाली पाण्याचं तळं साचतं.

अंगणातली खूण

भाद्रपदात रांगोळीचं मुख्य काम म्हणजे दारापासून आतपर्यंत गौरीची पावलं. चैत्रात मात्र महिनाभर तुळशीपुढे चैत्रांगण ही चिन्हांची रांगोळी काढतात. मधोमध मखरात किंवा पाळण्यात गौर, आणि भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, सूर्य-चंद्र, स्वस्तिक, कासव, नाग, गरुड, हत्ती, आंब्याचं झाड, तुळस, करंडा, फणी, आरसा, मंगळसूत्र. चिन्हं किती आणि कोणती, हे घराघरांत बदलतं. आकडा पुरा करण्यापेक्षा आपल्या घरात चालत आलेली चिन्हं काढणं महत्त्वाचं. आधी मधली गौर आणि वरचं तोरण काढून घ्या, म्हणजे बाकीच्या चिन्हांना जागा नीट वाटता येते. कडेपासून सुरुवात केली की गौर कोपऱ्यात दबते.

फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या पाटावर गेरू सारवून हेच करता येतं. गेरू पूर्ण वाळू द्या. ओलसर गेरूवर रांगोळी पाणी शोषून घेते, रेघा पसरतात आणि दुसऱ्या दिवशी पुसताना लाल-पांढरा चिखल होतो. रोज संपूर्ण चैत्रांगण जमत नसेल तर रोज गौर आणि दोन-चार चिन्हं, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी पुरं काढावं. छापील चिकटपट्ट्या सोयीच्या असतील, पण हाताने ओढलेलं वाकडंतिकडं कासव त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं.

हळदीकुंकवाचा क्रम साधा आहे: पाय धुवायला पाणी, हळदकुंकू, मनगटाला चंदन किंवा अत्तर, गुलाबपाणी, मोगऱ्याचा गजरा, हरभऱ्यांनी ओटी, मग डाळ आणि पन्हं. संक्रांतीसारखं वाण लुटण्याची प्रथा इथे नाही, तेव्हा प्लॅस्टिकचे डबे वाटण्याचा खर्च टाळता येतो. आणि बोलवायचं तर सगळ्यांनाच बोलवावं. नवरा हयात नाही म्हणून शेजारणीला वगळणं हा रिवाज आता अनेक घरांनी सोडला आहे आणि उरलेल्यांनीही तो सोडायला हवा.

आणखी दोन गौरी

राजस्थानची गणगौर होळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि चैत्र शुद्ध तृतीयेला संपते. म्हणजे जयपुरात गणगौरीची मिरवणूक निघते, त्याच सुमारास आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसत असते. इंदूर-उज्जैनकडच्या मराठी घरांना या दोन्ही परंपरा शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे तिथे गणगौरीच्या व्रताची आणि आपल्या महिनाभराच्या चैत्रगौरीची गल्लत होते.

दुसरी खानदेशातली गौराई. तिचा मोठा दिवस आखाजी, म्हणजेच अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरून पुजतात आणि पुरणपोळी-आमरसाचं जेवण होतं. देशावर त्या दिवशी चैत्रगौर झोपाळ्यातून उठते. तिलाही शेवटचा नैवेद्य बहुतेक घरांत आमरसाचाच असतो, कारण महिन्याभरापूर्वी डाळीत किसलेल्या कैऱ्यांचे एव्हाना आंबे झालेले असतात.