घरी कृष्णधवल फोटो छापताना: शाई, कागद आणि करडी पट्टी

आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो स्कॅन करून छापला, तर ट्यूबखाली बरा दिसतो आणि खिडकीपाशी नेला की हिरवट किंवा जांभळट होतो. बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो. चार टाक्यांच्या साध्या प्रिंटरमध्ये करडी शाईच नसते. फोटो पेपर निवडला की तो निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग जुळवतो. एकीचं प्रमाण किंचित ढळलं की झाक येते, आणि उजेड बदलला की झाकही बदलते. ‘ग्रेस्केल’वर खूण केली तरी अनेक मॉडेलांत हे मिश्रण थांबत नाही. असा प्रिंटर असेल तर फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी छटा द्या, झाक तिच्यात लपते.

नवा प्रिंटर घेताना टाक्या मोजू नका, त्यांत करडी आहे का ते विचारा. एप्सन एल८०५० सहा रंगांचा आहे, पण जादा दोन शाया फिकट निळी आणि फिकट गुलाबी. रंगीत फोटोंना छान, करड्याला फारसा उपयोग नाही. एप्सन एल८१८० आणि कॅनन जी५७० मध्ये करडी शाई आहे.

डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, पिगमेंटमध्ये बारीक कण तरंगतात. डायचा काळा ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदावर खोल उठतो, पण उन्हाने आणि हवेने लवकर उडतो. भिंतीवरच्या फोटोला काच हवीच. पिगमेंट जास्त टिकते, मात्र ग्लॉसीवर तिची चमक कमी-जास्त दिसते, म्हणून लस्टर (मंद चमकेचा) किंवा मॅट (बिनचमकेचा) कागद घ्या. डायच्या टाकीत पिगमेंट कधीही ओतू नका, हेड, म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, चोंदतं.

पूर्ण फोटो छापण्याआधी करडी पट्टी छापा. यात कंटाळा करू नका, वाया जाणारा निम्मा कागद इथेच वाचतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ५-५ टक्क्यांनी वाढणारे २१ चौकोन करा. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे छपाईच्या सेटिंगमध्ये, कागदाचा नेमका प्रकार आणि ‘हाय’ दर्जा निवडा, तासभर वाळू द्या. मग ५० टक्क्यांचा चौकोन आधी ट्यूबखाली आणि नंतर खिडकीपाशी पाहा. झाक इथे सर्वांत आधी कळते. ९०, ९५ आणि १०० एकच दिसत असतील तर शाई जास्त पडते आहे, बहुधा कागदाची सेटिंग चुकली आहे. पट्टी नीट आणि फोटो मात्र काळवंडलेला, असं झालं तर स्क्रीन फार उजळ आहे. शेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतका होईपर्यंत उजेड उतरवा.

फाइल ए४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेल असावी. रंगीत फोटो कृष्णधवल करताना नुसता रंग काढून टाकू नका. ऐरोलीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी आणि पाण्याचा राखाडी एकाच छटेत येतात, आणि पक्षी नाहीसे होतात! फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधला लाल रंगाचा स्लायडर वर केला की ते उजळून पाण्यापासून सुटे होतात.

पावसाळ्यात कागद ट्रेमध्ये ठेवू नका. दमट कागद वळतो आणि हेडला घासून कडेला काळे ओरखडे येतात. उरलेला गठ्ठा झिप पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. छापलेला फोटो २४ तास मोकळा वाळू द्या, पावसात दोन दिवस. घाईने फ्रेम केला तर काचेला आतून धुरकट थर बसतो.

आठवड्यातून एकदा नोझल चेक, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना, छापा. रेघा तुटल्या तर हेड क्लिनिंग दोनदाच करा, मग प्रिंटर रात्रभर राहू द्या आणि पुन्हा तपासा. सारखं क्लिनिंग केलं की शाई जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारं वेस्ट पॅड भरतं. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला तर हेड उघडं राहून वाळतं.

तरीही झाक जात नसेल तर करडी पट्टी, नोझल चेकचा कागद आणि फोटो पेपरचं पाकीट घेऊन आमच्या दुकानात या. प्रिंटर उचलून आणू नका, रिक्षात आडवा झाला की टाकीतली शाई आत सांडते.