साबण-ब्रशची दाढी

साबण-ब्रशची दाढी : ब्रशने साबणाचा फेस काढून, तो चेहऱ्यावर मुरवून, एकाच पात्याच्या हत्याराने दाढी करण्याची पद्धत. हत्यार वस्तरा असते किंवा दोन्ही कडांना धार असलेले सुटे पाते बसवलेला सेफ्टी रेझर. येथे सेफ्टी रेझर प्रथमच हाती घेणाऱ्याचा विचार मुख्यतः केला आहे.

‘वस्तरा’ हा शब्द फार्सी ‘उस्तुरा’वरून आला असे सामान्यतः मानतात. संस्कृतात जुना शब्द ‘क्षुर’, ‘क्षौर’ त्यावरूनच. मोहेंजोदडो येथील तांब्याची काही पाती वस्तरे म्हणून ओळखली जातात. ऋग्वेदात (8.4.16) ‘भुरिजां’मध्ये क्षुराला धार लावावी तशी आम्हाला लाव, अशी प्रार्थना आहे. द्विवचनात येणाऱ्या ‘भुरिज्’चा अर्थ वादग्रस्त आहे. काहींनी तो कात्री असा केला. इतरांच्या मते धार लावण्याचा दगड धरून ठेवणाऱ्या या दोन लाकडी भुजा. संदर्भ धार लावण्याचा असल्याने दुसरा अर्थ अधिक जुळतो. अथर्ववेदातील क्षौरसूक्तात (6.68) सविता क्षुर घेऊन येतो, वायूला ऊन पाणी आणायला सांगितले आहे आणि केस भिजवण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा आधी भिजवून मग काढण्याची रीत किमान तितकी जुनी असावी. सुट्या पात्याचा गिलेट रेझर 1903 मध्ये विक्रीस आला. पेटंट 1904 चे. गावगाड्यात दाढी हे न्हाव्याचे बलुत्याचे काम होते आणि हत्यारे त्याच्या धोकटीत असत.

सातारा-सांगली भागात नवख्याचे पहिले अपयश बहुधा पात्यामुळे नव्हे, पाण्यामुळे येते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत बोअरचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका होतो. फेस धरत नाही, धरला तर गालावर मिनिटभरात बसतो. बंबाच्या आत साचणारा पांढरा थर ही अशा पाण्याची खूण. पाणी चांगले उकळून, निवळू देऊन वरचे घेतल्यास बायकार्बोनेटांमुळे आलेले दुष्फेनत्व बरेच जाते. फेसाला पाव वाटी पाणी पुरते, त्यामुळे एवढा खटाटोप परवडतो. तो चुकवू नये.

चेहरा ऊन पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावा. पाणी शोषलेला केस मऊ पडतो व कमी जोरात कापला जातो. भिजलेला ब्रश झटकून साबणावर अर्धा मिनिट फिरवावा आणि वाटीत थेंब-थेंब पाणी घालत घोटावा. फेस घोटलेल्या श्रीखंडासारखा तकतकीत दिसला पाहिजे. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले, साबण कमी पडला. ब्रश ओढताना अडखळला तर पाणी कमी पडले.

रेझरचे टोपी, मधली पट्टी व दांडा असे तीन भाग असतात. पाते बसवल्यावर त्याची कड दोन्ही बाजूंना सारखीच डोकावते का, हे डोळ्यांसमोर आडवे धरून पाहावे. पाते तिरके बसले तर एक बाजू हमखास कापते. दांडा गालाशी काटकोनात धरून टोपी टेकवावी व दांडा हळूहळू खाली आणावा. पाते त्वचेला लागते तेथे थांबावे. पाते व त्वचा यांमधला हा कोन सुमारे 30 अंशांचा असतो. दाब मुळीच देऊ नये, रेझरचे वजन पुरेसे आहे. अनेक पात्यांच्या रेझरची सवय असलेला हात दाबतो, आणि तेथेच रक्त येते. फेरा दोन-तीन सेंटिमीटरचा, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून घ्यावा.

एक दिवस वाढलेल्या खुंटांवरून बोट फिरवावे. जिकडे गुळगुळीत लागते तो केसांचा कल. कंठमण्याखाली तो पुष्कळदा आडवा किंवा वरच्या दिशेने असतो. तेथे सवयीने वरून खाली रेझर ओढला की पुटकुळ्या येतात व केस त्वचेतच वळतात. पहिला महिना कलाप्रमाणे एक हात, म्हणजे साऱ्या चेहऱ्यावरून रेझर एकदा फिरवणे, पुरे. दुसरा हात हवाच असेल तर फेस नव्याने लावून, आडवा. कलाविरुद्ध उलटा हात नंतर.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटीने प्रथिने गोठून बारीक कापलेले बंद होते. मिनिटभराने ती धुवावी, नाहीतर त्वचा कोरडी पडते. कोठे झोंबली ते लक्षात ठेवावे, दाब तेथेच पडलेला असतो. पाते चार-पाच दाढ्यांनंतर, किंवा ओढू लागताच, बदलावे. फडक्याने पुसू नये, धार जाते. कावीळ ब व क रक्तातून पसरत असल्याने पाते दुसऱ्याला देऊ नये. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डबीत साठवावीत. उघडी टाकल्यास कचरा वेचणाऱ्याचा हात कापतो.