अस्वलाचं कातडं, जाडं मीठ आणि केस गेलेला एक कान

किनवट तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या वाड्यात माडीवर एक अस्वलाचं कातडं टांगलेलं असायचं. लांबलचक काळे केस, छातीवर तो पांढरट पट्टा, पंजाला बोटभर लांब नखं, आणि सगळ्या कडेनं बारीक बारीक भोकं. पण लहानपणी आम्हा पोरांचं लक्ष जायचं ते डाव्या कानाकडं, कारण उजव्या कानाला भरघोस केस आणि डावा एकदम सोललेल्या बटाट्यासारखा साफ. आजोबांना विचारलं की ते म्हणायचे, "त्या कानात मीठ गेलं नाही बाबा, म्हणून तर ते आपल्याकडं राहिलं." या एका वाक्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं लागली, आणि तो लावता लावता या सगळ्या प्रकाराचा इतिहास जेवढा कळला तेवढा इथं लिहितोय.

पहिलं म्हणजे हे कातडं काढलं तेव्हा, निजामाच्या काळात, हा भाग नांदेडमध्ये नव्हताच. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि किनवट होतं आदिलाबाद जिल्ह्यात, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला आलं. सागाचं दाट जंगल, पैनगंगेचा काठ, मोहाची झाडं आणि वारुळं, म्हणजे अस्वलाला जे जे लागतं ते सगळं. हैदराबादचे अंमलदार, जहागीरदार, त्यांचे पाहुणे शिकारीला यायचे. शिकार म्हणजे एकट्याचं काम नसायचंच, हाका करायला गोंड, कोलाम, आंध माणसं, मचाण बांधणारे वेगळे, आणि जनावर पडल्यावर कातडं काढणारे वेगळे. आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, त्यांचं काम मिठाच्या गोण्या बैलगाडीतून तळावर पोचवायचं. ते सांगायचे की बंदुकीची गोळी एका मिनिटाचं काम, खरी रात्र त्याच्यानंतर सुरू व्हायची.

आणि हे अगदी खरं आहे. कातडं टिकतं का जातं ते पहिल्या काही तासांतच ठरतं. जनावर मेलं की अंगातली ऊब बाहेर जायला वाट नसते, अस्वलाच्या अंगावर तर एवढा केसांचा बोजा, त्यात आपल्याकडचा चैत्र-वैशाख, मग जंतू कातड्यात केसांच्या मुळाशी काम सुरू करतात आणि केस मूठ मूठ हातात यायला लागतात. एकदा केस सुटले की जगातला कुठलाच कारागीर ते परत बसवू शकत नाही. म्हणून आधी कातडं उतरवायचं. सतरंजीसारखं पसरायचं असेल तर हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटावरून एक सरळ चीर आणि पायांच्या आतल्या बाजूनं चार चिरा. धड लवकर होतं, वेळ खातात ते पंजे आणि तोंड. पंजात शेवटच्या पेरापर्यंत सोलत जायचं आणि नखाला चिकटलेलं ते शेवटचं हाड तसंच ठेवायचं, नाहीतर नखं गळून पडतात. ओठ आतून दुभागून उघडायचे, पापण्यांपाशी पातं हाडाला लावूनच फिरवायचं, नाकाच्या कुर्चेत मांस ठेवायचं नाही, आणि कान कुर्चेवरून सोडवत सोडवत मोज्यासारखा उलटा करायचा अगदी टोकापर्यंत. वाड्यातल्या कातड्याचा डावा कान उलटाच केला नव्हता. बाहेरून मीठ चोळलं, आत पोचलं नाही, दोन दिवसात केस गेले. शिकारीला आलेल्या साहेबाला तसलं कातडं नको होतं, चांगली कातडी होती तेवढी तो घेऊन गेला आणि हे आजोबांच्या वडिलांकडं सोडून दिलं.

मग खरवडणं. गावातले कातडं कमावणारे एक बाबा रापी, म्हणजे कातडं खरवडायचं रुंद पातं, घेऊन बसायचे, कातडं लाकडाच्या ओंडक्यावर टाकून मांसाचा आणि चरबीचा पापुद्रा न पापुद्रा काढायचे. थंड मुलखातल्या अस्वलांच्या कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो आणि तो राहिला तर मीठ आत शिरत नाही, पुढं ते तेल जळून कातडं ठिसूळ होतं. आपलं अस्वल थंडीत झोपून राहत नाही त्यामुळं त्याला तेवढी चरबी नसते, पण मानेपाशी आणि मागच्या बाजूला असतेच, तिथं हलगर्जी चालत नाही. त्याच्यावर मीठ, कातड्याच्या वजनाच्या निम्म्यापासून ते बरोबरीपर्यंत, हातानं दाबून दाबून, चिरेच्या कडांना आणि पंजांच्या आत विशेष करून. कातडं उतारावर ठेवायचं म्हणजे पाणी निथळतं, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून परत नवीन. तळावर मीठ कमी पडलं तर तुरटीची पूड किंवा राख सुद्धा वापरायचे. शेवटी सावलीत ताणून बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. ती कडेची भोकं त्या खुंट्यांची. उन्हात कधीच नाही, उन्हात कातडं वरून शिजतं आणि आतून सडतं.

आता कोणी म्हणेल की मराठवाड्यात तर कातडं कमवायची एवढी जुनी विद्या होती, मग मीठ-तुरटीवर का थांबायचं? विद्या होतीच, आणि साधीसुधी नव्हती. बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडं लागूनच असलेल्या बसवकल्याणात, 12 व्या शतकातल्या शरणांमध्ये, म्हणजे बसवेश्वरांच्या सोबतच्या संतांमध्ये, कातडं कमावणाऱ्या ढोर समाजातले कक्कय्या होते, आजही तो समाज त्यांचं नाव अभिमानानं लावतो. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा, याच्या पाण्यात कातडं मुरवून मोटेचं चामडं, पखाल, जोडे व्हायचे. पण त्या पद्धतीत पहिली पायरी चुन्याची, आणि चुना लावायचा तो केस काढण्यासाठीच! जोड्याला केस नको असतात, शिकारीच्या कातड्याला केसच हवे असतात. म्हणून मग त्याच माणसांनी चुना बाजूला ठेवून मीठ आणि तुरटीवर काम बसवलं, साहेबाच्या नावाची पितळी पट्टी लागायची आणि रापी धरणाऱ्याचं नाव कुठंच यायचं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते कातडं ज्यानं वाचवलं तो खरा तर हाच माणूस.

तिकडं युरोपात मोठा फरक पडला तो 18 व्या शतकात. फ्रान्समधल्या मेट्झ गावच्या बेकर नावाच्या औषधवाल्यानं आर्सेनिकचा साबण काढला, त्यात आर्सेनिक, कापूर, साबण, पोटॅशचा क्षार आणि चुना. त्यानं हयातभर तो फॉर्म्युला गुप्त ठेवला, तो गेल्यावर 19 व्या शतकाच्या सुरुवातीला छापला गेला आणि मग जगभरच्या म्युझियमांत तोच चालला कारण किडे कातड्याला तोंडच लावत नव्हते. तोपर्यंतच्या नमुन्यांचे हाल काय असतील बघा, आपल्या अस्वलाचं शास्त्रीय वर्णन 1791 मध्ये जॉर्ज शॉनं केलं ते त्याला स्लॉथ, म्हणजे झाडाला उलटा लटकणारा एक संथ प्राणी, समजून! लांब नखं आणि वरचे मधले दोन दात नाहीत, यावरून गोंधळ झाला, आणि इंग्रजीत ते नाव आजपर्यंत चिकटलं.

आपण मराठीत अजून "पेंढा भरलेला वाघ" म्हणतो, पण पेंढा भरायचं कधीच मागं पडलं. 1890 च्या आसपास अमेरिकेत कार्ल एकलीनं आधी जनावराचे स्नायू धरून पुतळा बनवायचा आणि त्याच्यावर कातडं चढवायचं ही पद्धत नावारूपाला आणली. भारतात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीचे लोक कागदाच्या लगद्याचे साचे वापरायचे, 1900 च्या आसपास सुरू झालेली ही कंपनी 1999 ला बंद पडली, मधल्या काळात देशभरातल्या राजेरजवाड्यांचे हजारो वाघ-बिबटे तिथं गेले. आपल्याकडं मनमाड ते हैदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास आली होती, परभणी-नांदेडवरून जाणारी. आजोबा म्हणायचे की चांगली कातडी गोणपाटात शिवून रेल्वेनंच जायची, आतून मीठ लावून घडी केलेली.

पुढं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1986 च्या दुरुस्तीनं अशा ट्रॉफींचा, म्हणजे शिकारीची आठवण म्हणून ठेवलेल्या कातडी-मुंडक्यांचा, धंदा बंद झाला, 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही संपली. आज अस्वल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कायद्यात "अनक्युअर्ड ट्रॉफी" अशी वेगळी व्याख्याच आहे, म्हणजे टॅक्सिडर्मी (कातडं टिकवून जनावर हुबेहूब उभं करणं) न झालेलं कच्चं कातडं सुद्धा त्यात येतं, मीठ लावून ठेवलं म्हणून सुटका नाही. आणि हे योग्यच आहे असं माझं ठाम मत, कारण किनवट-माहूरच्या पट्ट्यात आणि तिकडं गौताळ्यात जी काही अस्वलं उरलीत ती या कायद्यामुळंच उरलीत. केसाच्या ताईतापायी दरवेश्याच्या अस्वलाचे केस उपटलेले मी लहानपणी बघितलेत, ते सुद्धा बंद झालं हे फार बरं झालं.

विद्या मात्र जिवंत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून टॅक्सिडर्मी सेंटर चालतं, पशुवैद्यकीय कॉलेजचे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. नैसर्गिक मरण आलेलं जनावर, परवानगी घेऊन, मापं घेऊन, फायबरच्या पुतळ्यावर चढवतात. पण सुरुवात अजून तीच, लवकर उतरवा, पंजे-कान उलटे करा, चरबी काढा, मीठ लावा. त्यानंतर मीठ आणि ॲसिडच्या पाण्यात मुरवणं, तासून पातळ करणं, टॅन करणं आणि तेल चोळून मऊ करणं हे सगळं आज केमिकलच्या मापात होतं एवढंच.

ज्यांच्या घरात जुनं कातडं आहे त्यांना एकच कळकळीचं सांगणं, ते झटकू नका, पोरांना त्याच्यावर बसवू नका, हात लावायचाच तर ग्लोव्हज आणि मास्क घालून, कारण जुन्या कातड्यात आर्सेनिक असू शकतं आणि ते पन्नास वर्षांनी सुद्धा जात नाही.

आमच्या आजोबांनी 2003 ला जी 180 दिवसांची नोंदणीची मुदत मिळाली त्यात कागद करून घेतला होता. ते गेल्यावर थोरल्या मामांनी वारसा म्हणून 90 दिवसांत कळवलं. 2022 च्या दुरुस्तीत असं सामान आपणहून सरकारजमा करायची सोय झाली, पैसे मिळत नाहीत, मामांना ते नकोच होते, म्हणाले घरात लेकरं वाढायलीत, हे विष भिंतीवर कशाला. गेल्या वर्षी दोघं वनरक्षक आले, चादरीवर कातडं पालथं घातलं, लांबी-रुंदी मोजली, नखं एकेक करून मोजली, वीस भरली. मग पंचनाम्यात ओळखीच्या खुणा लिहायच्या होत्या तेव्हा त्यातल्या धाकट्यानं वाकून नीट बघितलं आणि लिहिलं, "डाव्या कानावर केस नाहीत."