पेनीवरचा दुसरा चेहरा

अमेरिकेतून परतलेल्या माणसाच्या घरी एखाद्या डब्यात तिकडची सुटी नाणी हमखास पडलेली असतात. त्यांत क्वचित एखादा सेंट, म्हणजे तिथल्या बोलीत पेनी, असा सापडतो की त्यावर अब्राहम लिंकन एकटे नसतात. तारखेच्या वरच्या मोकळ्या जागेतून जॉन केनेडींचा इवलासा चेहरा त्यांच्याकडे बघत असतो. बघणाऱ्याला वाटतं, टांकसाळीची चूक हाती लागली. तसं नाही. टांकसाळीतून हे नाणं इतर सेंटांसारखंच बाहेर पडलं. केनेडी त्यावर नंतर आले, खासगी कारखान्यातल्या पंचच्या, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या पोलादी खिळीच्या, ठोक्याने. अशा मागाहून मारलेल्या ठशाला काउंटरस्टँप म्हणतात. त्याचं मोल ठरवायचं तर नाण्याच्या आधी त्या ठोक्याचा इतिहास वाचावा, असं माझं ठाम मत आहे. ठोकणाऱ्याला ते नाणं लोकांच्या हातात फिरायला हवं होतं, की कुणीतरी विकत घेऊन जपून ठेवायला?

राज्यकर्त्यांनी मारलेले ठसे फिरण्यासाठीच असत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं उमटवलेली. तिथे ठसा नाण्याच्या कोपऱ्यात नाही, पूर्ण नाण्यावर आहे, म्हणून अभ्यासक त्यांना पुनर्मुद्रांकित नाणी म्हणतात. तरी खालून नहपानाचा चेहरा आणि अक्षरं डोकावतात. सत्ता बदलल्याची बातमी बाजारात पोचवायला याहून चांगलं साधन कोणतं?

इंग्लंडमध्ये कारण वेगळं होतं. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने लोक बँकांतून सोनं काढू लागले, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवावं लागलं. चांदीच्या नाण्यांचाही तुटवडा होता. बँकेकडे स्पॅनिश डॉलर पडून होते. त्यांवरच्या स्पॅनिश राजाच्या मानेवर तिसऱ्या जॉर्जचं छोटं लंबगोल मुंडकं ठोकून ते ४ शिलिंग ९ पेन्सला चलनात आणले. क्राउन, म्हणजे मुकुट, हे नाणं ५ शिलिंगांचं. लोक म्हणू लागले, दोन राजांची डोकी असूनही एका क्राउनची किंमत नाही! ठसा इतका लहान आणि सोपा की नकली ठसे लगेच निघाले. १८०४ मध्ये अष्टकोनी ठसा आणला, त्याचीही नक्कल झाली. शेवटी बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या यंत्रावर अख्खी नाणी नव्याने छापावी लागली. आज त्या ठशांना संग्राहकांत मोठा मान आहे, पण खोट्या ठशांची धास्ती तेव्हापासून चालत आलेली आहे.

आपल्याकडे सराफ रुपयाची चांदी तपासून त्यावर बारीक ठसे मारत. असा ठसे खाल्लेला रुपया पुढे चालवताना बट्टा, म्हणजे किमतीतली कपात, द्यावा लागे. हा शब्द मी मुद्दाम आणला, कारण संग्राहकाच्या लेखी बहुतेक ठसे आजही बट्ट्यासारखेच असतात: ते नाण्याची किंमत कमी करतात. किंमत वाढवणारे ठसे हा अपवाद.

त्या अपवादांत १९व्या शतकातल्या दुकानदारांच्या ठशांना मी वरची जागा देईन. अमेरिकेचा जुना मोठा सेंट १७९३ ते १८५७ या काळात निघाला. शुद्ध तांबं, सुमारे २८ मिलिमीटर व्यास, ठोकायला मऊ आणि जाहिरातीला ऐसपैस. न्यू हॅम्पशरमधल्या पिट्सफिल्डचे दंतवैद्य जी. जी. विल्किन्स यांनी आपलं नाव इतक्या नाण्यांवर ठोकलं की ती आजही संग्राहकांच्या हाती येतात. मॉन्ट्रियलच्या डेव्हिन्स अँड बोल्टन या औषधविक्रेत्यांनीही तेच केलं. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांनी आपल्या साप्ताहिकाची जाहिरात पेन्यांवर ठोकून त्या बाजारात सोडल्या. अखेर १८५३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून नाण्यांवर नावं आणि शब्द ठोकणं गुन्हा ठरवलं, आणि अशी नाणी कायदेशीर चलन राहिली नाहीत.

हा कायदा मोडायला पुढे स्त्रिया निघाल्या. सातव्या एडवर्डच्या पेनीवर, राजाच्या डोक्यावरच, ‘व्होट्स फॉर विमेन’ ही अक्षरं एकेक करून ठोकलेली नाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मताधिकार लढ्यातली आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातली १९०३ ची एक पेनी आहे. पेनी निवडण्यात हुशारी होती. पेनी ही रोजच्या वापरातली चिल्लर, आणि इतकी स्वस्त की ती हुडकून परत घेण्याचा खटाटोप बँकेला परवडला नसता. मला ही अक्षरं कोणत्याही सुबक नाण्यापेक्षा प्रिय वाटतात. ओळी वाकड्या आहेत, अक्षरं कमीजास्त खोल गेली आहेत, आणि त्यातून हातोडी धरणारा हात दिसतो. अर्थातच, मागणी वाढली तशा जुन्या पेनीवर नव्याने अक्षरं ठोकलेल्या नकलाही आल्या.

आता केनेडींकडे वळू. २२ नोव्हेंबर १९६३ ला त्यांची हत्या झाली आणि वर्षभरातच दोन राष्ट्राध्यक्षांमधल्या योगायोगांची एक यादी अमेरिकाभर फिरू लागली. लिंकन १८४६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले, केनेडी १९४६ मध्ये. राष्ट्राध्यक्षपदी १८६० आणि १९६०. दोघांना शुक्रवारी गोळी लागली, दोघांच्या पत्नी शेजारी होत्या. दोघांनंतर आलेले जॉन्सनच, एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. इथपर्यंत खरं आहे. पण लिंकन यांचा केनेडी नावाचा सचिव होता हे कलम खोटं. त्यांच्या सचिवांची नावं जॉन निकोले आणि जॉन हे अशी होती. व्यापाऱ्यांनी १ सेंटचं नाणं घेतलं, त्यावर केनेडी ठोकले, यादी छापलेल्या कार्डावर ते चिकटवलं आणि भेटवस्तूंच्या दुकानांतून विकलं. दुःखात बुडालेल्या देशाला ते हातात धरावंसं वाटलं, यात नवल नाही. पुढे त्याच पद्धतीने राज्यांचे नकाशे, फ्रीमेसन या बंधुसंघटनेचा गुण्या-कंपास, लिबर्टी बेल, अगदी लिंकनच्या तोंडात पाइप असलेले सेंटही निघाले.

ही नाणी फिरण्यासाठी नव्हतीच. ती जपण्यासाठी विकली गेली, लोकांनी जपलीही, म्हणून आज ती मुबलक आहेत. साधारण एक-दोन डॉलरच्या पुढे त्यांची किंमत सहसा जात नाही. मूळ कार्ड शाबूत असेल तर थोडे जास्त.

तरीही हातात आलेला प्रत्येक ठसा भिंगाखाली बघावा. नाणं उलटं करा. ठोक्याच्या बरोबर मागची जागा चपटी झालेली असेल, तर ठसा टांकसाळीनंतरचा. मग ठशाच्या खाचेत बघा. नाण्याचा रंग जुना आणि खाचेतला धातू मात्र ताजा, कडा धारदार, असं असेल तर ठोकून फार दिवस झालेले नाहीत. नाण्याइतकाच ठसाही झिजलेला असेल, तर ते नाणं ठसा घेऊन खिशाखिशांतून फिरलं आहे, आणि तिथून खरा शोध सुरू होतो: नाव कुणाचं, गाव कुठलं, तसाच ठसा आणखी कशावर सापडला आहे का. नाण्यावरच्या तारखेवर विसंबू नका. ती फक्त एवढंच सांगते की ठोका त्याच्या आधी पडलेला नाही. १८५१ च्या सेंटवर १९७५ मध्येही हातोडी चालू शकते. आणि काहीही झालं तरी नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, कारण ठशाच्या वयाचा जो महत्त्वाचा पुरावा खाचेतल्या काळपटपणात असतो, तो एका घासण्यात निघून जातो.