सेंट पॉल महाविद्यालय, जुने गोवे

जुने गोवे येथील, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे विद्यापीठ. भारतातील पहिला छापखाना इथे चालला. संस्थेची सुरुवात १५४१ मध्ये 'सांता फे' या धर्मसंघाने केली. गोव्याच्या तिसवाडी भागात पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पोर्तुगीज सत्तेने तिच्या खर्चाला लावून दिले. तिचा इतिहास या गोष्टीपासून वेगळा काढता येत नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरल्यावर काही वर्षांतच कारभार जेझुइटांकडे गेला. स्थानिक मुलांबरोबर मलबार आणि अतिपूर्वेकडचे विद्यार्थीही इथे असत. झेवियरबरोबर पुढे जपानला गेलेला अंजिरो इथेच शिकला.

६ सप्टेंबर १५५६ रोजी आलेला छापखाना खरे तर इथिओपियासाठी निघालेला होता. तो गोव्यातच राहिला आणि हुआन दि बुस्तामांतेने महाविद्यालयात चालवला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या वादविषयांची सूत्रे छापली गेली, पण त्यांची एकही प्रत उरलेली नाही. गोव्यात छापलेल्या ज्ञात पुस्तकांपैकी शिल्लक राहिलेले सर्वांत जुने पुस्तक १५६१ चे आहे.

आपल्या देवनागरी लिपीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, मात्र गोव्यात कधीच पुरते पडले नाहीत. एका खिळ्यासाठी पोलादावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका, म्हणजे साचा, करायची आणि तीत शिशाचा रस ओतायचा. रोमन लिपीला असे थोडेच साचे लागत. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरली की संख्या शेकड्यांत जाते. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सने वरिष्ठांना लिहिलेल्या १६०८ च्या पत्रात युरोपातल्या चोवीस अक्षरांसमोर इथली सहाशे मांडून परवानगी आणि मदत मागितली. ती फळाला आली नाही. म्हणून त्याचे मराठी पुराण १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला रोमन अक्षरांत छापावे लागले. ओवी मराठी, पण मराठी वाचकाला ती वाचता येईना, ही मोठी हानी होती. पुढे विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी निघाले ते १८०५ मध्ये, तेही बंगालात, श्रीरामपूरला.

महाविद्यालयाची जागा रोगट ठरली. १५७० च्या साथीनंतर संस्था हळूहळू टेकडीवरच्या सेंट रोक वास्तूत हलली. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. मोडकळीला आलेली मूळ इमारत १८३२ मध्ये पाडण्यात आली. फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जांभ्या दगडाची एक दर्शनी कमान तेवढी उभी आहे.