बॅटरी रूममधून जिन्याखाली

सोलापुरात आज टॉवेलच्या कारखान्यापासून दुकानाच्या जिन्यापर्यंत कुठेही दिसणारी शिसे-ॲसिड बॅटरी मूळची १८५९ सालची. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून ती तयार केली. १८८१ मध्ये कामिय फोर याने त्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापला. त्यामुळे बॅटरी झटपट आणि भरपूर बनू लागली, पण बनवणाऱ्याच्या नाकातोंडात शिशाची भुकटीही जाऊ लागली. शिशाची विषबाधा तोवर नवी राहिली नव्हती. ब्रिटनमध्ये १८९५ पासून डॉक्टरांना तिची सूचना सरकारला द्यावी लागे. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही कळवायच्या रोगांच्या यादीत तीच पहिली होती.

वापरणाऱ्यापुढचा धोका निराळा. चार्जिंग संपत आलं की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून मोठ्या बॅटऱ्यांना स्वतंत्र खोली, आणि वायू हलका असल्याने एक्झॉस्ट फॅन छताजवळ. वीज उपकेंद्रात ही शिस्त अजून दिसते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (७ लाख ६५ हजार व्होल्टची) वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचं ग्रिड देशाशी जोडलं गेलं. एवढ्या मोठ्या विजेचे ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारे स्विच, ऐनवेळी उघडावेत, ही भिस्त मात्र दोन-दोन व्होल्टच्या सेलवर असते. २२० व्होल्टच्या बॅटरी-संचाला असे ११० सेल लागतात. तिथला माणूस अंगठी आणि कडं काढूनच आत जातो. दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर क्षणात लाल होतो, व्होल्ट कितीही कमी असोत.

भारनियमनाच्या वर्षांत हीच वस्तू इन्व्हर्टरसोबत बाजारात आणि घराघरांत शिरली. बॅटरी आली, पण खोली, पंखा आणि जाणता माणूस मागेच राहिले. त्यात सोलापूरचा उन्हाळा! पारा चाळिशीपार गेला की पाणी भराभर आटतं. मग कोणी बोअरचं पाणी ओततं, कोणी ‘जोर यावा’ म्हणून ॲसिड. आटतं ते फक्त पाणी, त्यामुळे भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरचीच, तीही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं. बूच उघडून लायटरच्या उजेडात पातळी बघणारेही आहेत. डोळे जातात ते अशाच वेळी.

नंतर आलेल्या ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटऱ्यांनी पाण्याची कटकट मिटवली. त्यांत वायू बहुतांशी आतल्या आत परत पाणी होतो. पण उकाड्यात जास्त चार्ज झाल्या तर त्यांचाही व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू बाहेर पडतो, तेव्हा त्यांना बंद कपाटात कोंडणं हा निव्वळ आळस.

बाद बॅटरीसाठी २००१ मध्ये नियम आले, २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे. ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आहे. शिशाला भाव असल्याने भंगारवाला ती आनंदाने नेतो. पण वजनात धरू नये म्हणून ॲसिड आधी गटारात ओतून घेतलं जातं, आणि ओतणाऱ्याच्या पायात बहुधा चप्पलच असते.